थेंबाएवढा खलनायक

(पडद्यावर : दोनापावल, काचपट्टीवर समुद्राच्या पाण्याचा थेंब)

दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. सूक्ष्मदर्शकाखाली हा जो मिश्या हलवत पळतोय, तो कोपेपॉड. जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा जीव. आपला बांगडा असल्यांवर पोसतो. याच्याच जातीतला एक जण टीव्हीवरच्या 'स्पंजबॉब' या कार्टूनमध्ये पंचवीसहून जास्त वर्षं शेजारच्या हॉटेलची पाककृती चोरायला बघतोय. नाव प्लँक्टन. त्याचा तो एकुलता डोळा कार्टूनवाल्यांची करामत वाटेल, पण बहुतेक खऱ्या कोपेपॉडांनाही एकच असतो.

प्लँक्टनचा आवाज डग लॉरेन्स यांचा. श्रेयनामावलीत 'मिस्टर लॉरेन्स'. हा माणूस मुळात अ‍ॅनिमेशनवाला. १९९३ साली निकलोडियन या अमेरिकी वाहिनीवर 'रॉकोज मॉडर्न लाइफ' सुरू झालं. तिथे ते दिग्दर्शन करायचे आणि फिल्बर्ट नावाच्या भेदरट कासवाचा आवाजही काढायचे. त्याच मालिकेवर स्टीफन हिलनबर्ग होते. ते आधी मुलांना सागरी जीवशास्त्र शिकवायचे. कोपेपॉडला खलनायक करायचं दुसऱ्या कुणाला सुचणार! १ मे १९९९ ला त्यांचं 'स्पंजबॉब' आलं, आणि लॉरेन्स प्लँक्टन झाले. शिवाय लॅरी या पिळदार शेवंडाचा आवाज, शिवाय लेखन.

(पडद्यावर : पेन्सिलची रेखाटनं, मग ध्वनिमुद्रणाचा माईक)

आपल्याकडे हे कार्टून हिंदी डबिंगमध्ये पोचलं, त्यामुळे चित्र आधी आणि आवाज मागाहून असंच डोक्यात बसलंय. मूळ कामात उलटं असतं. आधी स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची रेखाटनं, मग ध्वनिमुद्रण, त्यानंतर हालचाल. स्पंजबॉबचे नट एका खोलीत जमून, जत्रेच्या नाटकाची तालीम करावी तसे, समोरासमोर प्रसंग वाचतात. मग आवाज अक्षरागणिक फोडून कुठल्या फ्रेमला तोंड कसं, याचा तक्ता बनतो. अ‍ॅनिमेशन होतं दक्षिण कोरियात. सेकंदाला २४ फ्रेम. लॉरेन्सनी एखादं हसू अर्धा सेकंद लांबवलं की तिकडे १२ फ्रेम तोंड उघडंच! डबिंगवाल्यापुढे मात्र तोंड आधीच हलून झालेलं असतं, वाक्य त्यात बसवायचं. तीही कसरतच, पण वेगळी.

एवढुशा जिवाला किनरा आवाज कुणीही दिला असता. लॉरेन्सनी खर्ज लावला, भारदस्त, जगावर राज्य करायला निघालेल्या माणसाचा. अर्धा विनोद तिथेच. चित्र काढणाऱ्याला आकार आणि आवाज यांतली ही विसंगती पटकन दिसत असावी, असं मला वाटतं. गोव्यात कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत खर्ज लावणारे नट आहेत, आल्तिनोच्या कला महाविद्यालयात सरसर हात चालणारी पोरं आहेत. दोघांची गाठ का पडत नाही, कोण जाणे.

हिलनबर्ग नोव्हेंबर २०१८ मध्ये गेले. मालिका थांबली नाही. २०२५ मध्ये तर प्लँक्टनच्या नावाचा अख्खा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. आवाज अर्थातच लॉरेन्स यांचा.