शब्द थोडा विसरू द्या, मग विचारा

रामराम मंडळी. कोणी वावरातून येऊन हातपाय धुवून बसलं असंल, कोणी बंडीवरच मोबाईलवर रेडिओ लावून ऐकत असंल, सगळ्यांनाच रामराम. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवतो, आणि मला आज एवढंच बोलायचंय की आपल्या पोट्ट्यांच्या डोक्यात इंग्रजी शब्द काहून टिकत नाहीत.

आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं. तरी अजून आपली पद्धत काय, तर स्पेलिंग चुकलं की दहा वेळा लिहून आण. मीही कितीतरी वर्षं हेच केलं. पोरगं दहा वेळा लिहितं खरं, पण तिसऱ्या ओळीपासून ते वरची ओळ पाहून खाली उतरवतं, डोकं वेगळीकडेच असते.

हर्मान एबिंगहाउस नावाचे एक जर्मन संशोधक होते, त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये पुस्तक काढलं. काहीच अर्थ नसलेले अक्षरांचे तुकडे ते पाठ करायचे आणि किती वेळानं किती विसरलं ते मोजायचे. तासाभरात निम्म्याहून जास्त मेहनत वाया गेलेली असायची, आणि त्यापुढे विसरणं हळू व्हायचं. आता बघा, अर्थ नसलेले तुकडे! आपल्या चौथीतल्या पोरीला 'नेबर' हा शब्द तसाच तर आहे ना, तिनं तो घरी ऐकला नाही, गल्लीत ऐकला नाही, तिच्यासाठी तो नुसता आवाज आहे. म्हणून मी आता शब्द तिच्या घरातूनच उचलतो: बादली, विळा, कापूस, बैल, धुरा.

दुसरी गोष्ट मला फार मोठी वाटते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या पोरांना उतारे दिले, काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, पण आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढे निघाले. म्हणजे आठवायला जो जोर लागतो ना, त्या जोरानंच ते पक्कं होतं.

म्हणून मी वर्गात बुटाचं रिकामं खोकं ठेवलंय, आत पुठ्ठ्याचे तीन कप्पे. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर नावाच्या पत्रकारानं १९७० च्या दशकात लोकांपर्यंत नेली. चिठ्ठीच्या एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला शब्द. आला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकला की परत पहिल्यात, पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं. खर्च काहीच नाही.

कपाशी वेचायच्या दिवसात पोरं आठ-आठ दिवस येत नाहीत, मायबापाची मजबुरी मला कळते, त्यावर मी रागावत नाही. मागच्या सीझनला एक पोरगी अशीच नऊ दिवसांनी आली, बोटांना बोंडांचे ओरखडे. मी बादलीचं चित्र दाखवलं. ती गप्प. मागून एक जण उत्तर सांगायला निघाला, मी त्याला हातानं थांबवलं. तिनं विहिरीतून पाणी ओढल्यासारखे दोन्ही हात हलवले, कारण शिकताना आम्ही तसंच करून दाखवलं होतं, आणि मग हळूच म्हणाली, 'बकेट'. ते दहा सेकंद मी मधात बोललो असतो तर तिचं आठवणं मीच हिसकावलं असतं.

आणि कृपा करून हसू नका जी. पोरगं 'इस्कूल' म्हणालं तर 'हो, स्कूल, कधी गेला होता स्कूलला?' असं बरोबर रूप बोलण्यातच परत द्या. स्टीफन क्रॅशन या अमेरिकन भाषातज्ज्ञांनी भीतीला गाळणीची उपमा दिली, भीती वाढली की ऐकलेलं आत झिरपतच नाही. आपण सगळे इष्टेशनच म्हणत मोठे झालो, त्यात लाज कसली.

आईबापाला इंग्रजी येत नसलं तरी चालते. रात्री जेवताना पोराला विचारा, 'परवाचा शब्द कोणता होता रे?' वही उघडू देऊ नका. तो आठवत असंल तेवढा वेळ भाकरीचा एक तुकडा सावकाश खा, आणि थांबा.