आजी पण तुमची रूममेट का?

नमस्कार मंडळी.

अध्यक्षांनी मला विषय दिला होता 'यंदाचा मुंबईचा गणपती'. त्यावरच बोलतो, पण मोदकांपाशी फार रेंगाळणार नाही.

तुम्हाला ठाऊक आहे, आम्ही गिरगावातून टोरांटोला आलो आणि आमची लेक टोरांटोहून पार्ल्याला राहायला गेली. यंदा भावाकडे आरतीला ती आली, बरोबर तिची जोडीदार. दारात शेजारचे काका. मी सवयीने म्हणालो, "ही हिची रूममेट." पुतण्याचा सात वर्षांचा मुलगा झांजा घेऊन उभा होता. तो म्हणाला, "आजोबा, मग आजी पण तुमची रूममेट का?"

हसा, हसा. मी तेव्हा टाळ्यांचा जोर वाढवला. पण पोराचं चुकलं काय? आम्ही एका खोलीत राहतो, भांडतो, एकमेकांचे चष्मे शोधतो.

आणि वहिनी? तिने त्या मुलीसमोर विळी सरकवली. "नारळ खोव गं, सारण कमी पडतंय." आपल्याकडे पाहुण्याला खुर्ची मिळते, घरच्याला विळी. चर्चा नाही, भाषण नाही. भाषणाला मी आहेच!

इथे कॅनडाभर अशी समलिंगी लग्नं २००५ पासून कायदेशीर आहेत. इथला पासपोर्ट मिरवणारा मी मागे राहिलो आणि कधी विमानात न बसलेली वहिनी पुढे गेली.

आता जरा तुमच्याकडे वळतो. "मुलगी काय करते?" याला मी दहा वर्षं "करिअर" म्हणतोय आणि तुम्ही लगेच स्थळं काढताय. जूनमधल्या प्राइडची, म्हणजे समलिंगींच्या मिरवणुकीची, आपल्याला आठवण होते ती रस्ते बंद म्हणून. आपल्या सभासद अर्जावर अजून 'पती' आणि 'पत्नी' एवढेच रकाने. तो अर्ज छापून आणला कोणी? मीच.

मुंबईत 'स्वीकार' नावाचा अशा मुलामुलींच्या पालकांचा गट आहे. २०२३ मध्ये त्यातल्या ४०० हून अधिक आईवडिलांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं: आम्ही म्हातारे होत चाललोय, डोळ्यांदेखत मुलांच्या लग्नावर कायद्याचा शिक्का बघायचाय. बायकोने मला ते वाचून दाखवलं. मी म्हटलं, चहा ठेव. १७ ऑक्टोबरला निकाल लागला, शिक्का मिळाला नाही. २०१८ मध्ये अशा नात्याला गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा काच सुटला, तेव्हा मला वाटलं होतं, चला, सुटलो आपण.

गेल्या पावसाळ्यात लेकीला डेंग्यू झाला. रात्री अडीच वाजता, गुडघाभर पाण्यातून तिला इस्पितळात नेलं ते ह्याच मुलीने. अर्जावर रकाना होता, 'रुग्णाशी नातं'. तिने लिहिलं, रूममेट. माझाच शब्द. खिडकीतला माणूस म्हणाला, जवळचं कोणी असेल तर बोलवा. म्हणून फोन आला मला. इथे संध्याकाळचे पाच, हातात चहाचा कप, आणि मी म्हणे जवळचा.

आता मी तिला सांगितलंय, पुढच्या वेळी खरं ते लिही. ती म्हणाली, "काका, लिहीन. पण खिडकीतला माणूस ते वाचून मला आत सोडेल ना?"