माझं नाव बंद करा
(जुगार थांबवण्यासाठी आपण होऊन स्वतःचं नाव बंद करून घेण्याच्या सोयीवरच्या माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : रेल्वे स्टेशनबाहेरचा लॉटरी स्टॉल, संध्याकाळ]

लोकलमधून उतरलेली गर्दी पुलाचा जिना उतरून खाली येतेय. जिन्याच्या पायथ्याशीच हा स्टॉल. दोरीला चिमटे लावून टांगलेली तिकिटं, गुलाबी, हिरवी, पिवळी. लक्ष्मीच्या नावाची, गणपतीच्या नावाची. आणि प्रत्येकावर राज्य सरकारचा शिक्का.

या हातांकडे बघा. पहिलं बक्षीस किती, हे तो वाचतही नाही. नजर फक्त शेवटच्या चार आकड्यांवर. गठ्ठा उलटा करतो, एक तिकीट अर्धं ओढतो, परत आत सरकवतो, दुसरं काढतो. पैसे देतो. तिकिटाची घडी घालून ती पासाच्या मागे, शर्टाच्या वरच्या खिशात. स्टॉलवाल्या काकांनी त्याचं नाव विचारलं नाही. विचारायची पद्धतच नाही. ज्याच्या हातात तिकीट, त्याचं तिकीट.

[दृश्य : गिरणगाव, चिमणी, जुन्या चाळीचा जिना]

हे सरकारी तिकीट इथवर आलं, त्याच्या आधी मुंबईत मटका होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेनं मुंबईत यायचे आणि इथे त्या आकड्यांवर पैसे लागायचे. 1961मध्ये ते भाव यायचे थांबले. जुगार मात्र थांबला नाही. 1962मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला. 1964मध्ये रतन खत्री यांनी नवा मटका काढला. पत्त्यांच्या कॅटातून तीन पानं काढायची, त्यांची बेरीज करायची, बेरजेतला शेवटचा अंक म्हणजे ओपन. नंतर पुन्हा तीन पानं, तो क्लोज. त्याला ना कागद लागायचा, ना यंत्र, ना शिक्षण. पाळी सुटली की कामगार चार-आठ आणे आकड्यावर लावून घरी जायचा. आकडा घेणारा नाक्यावरच बसलेला असायचा.

12 एप्रिल 1969 रोजी महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. लोकांनी मटक्याच्या नादी लागू नये, नशीब आजमावायचंच असेल तर त्यांना कायद्यातला, विश्वासाचा मार्ग मिळावा आणि तिजोरीतही भर पडावी, हा तिचा हेतू. केरळनं हेच 1967मध्ये केलं होतं. हेतू प्रामाणिक होता, असंच आम्ही मानतो.

[दृश्य : सोडत. फिरणारे आकडे, टेबलामागे बसलेले पंच, सही होणारा कागद]

आता ही सोडत बघा. आकडे फिरतात, एकेक करून थांबतात. प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचला जातो, लिहिला जातो, कागदावर सह्या होतात. यात कुणाला हात घालता येऊ नये, म्हणून ही सगळी काळजी. 1998च्या केंद्रीय लॉटरी कायद्यानं राज्यांना चौकट घालून दिली. एका अंकावर बक्षीस द्यायचं नाही. हे कलम वाचताना मटका डोळ्यांसमोर येतोच. सोडत राज्यानं स्वतः काढायची, आपल्याच हद्दीत काढायची. एका लॉटरीची आठवड्यात एकापेक्षा जास्त सोडत नाही. वर्षाला बंपर सहापेक्षा जास्त नाहीत. बक्षीस न्यायला कुणी आलं नाही, तर ती रक्कम सरकारजमा.

तिकीट कसं छापायचं, कुणी विकायचं, पैसा कुठे भरायचा, सगळं या कायद्यात आहे. पण तिकीट घेणाऱ्याला थांबायचं असेल आणि थांबता येत नसेल, तर त्यानं कुणाकडे जायचं? त्यावर एक ओळ नाही.

[दृश्य : बक्षिसाचा अर्ज भरणारा हात]

बक्षीस मोठं लागलं, की मात्र नाव लागतं. दहा हजारांच्या वरच्या बक्षिसातून 30 टक्के कर आधीच कापून घेतात. अर्ज, ओळखपत्र, पॅन, तिकिटामागे सही. जिंकणाऱ्याचं नाव सरकारदरबारी पोचतं. हरणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

[दृश्य : घर. कपाटाचा उघडा खण]

जुगारापायी या ताईंचे दागिने गेले, पतपेढीचं कर्ज थकलं, मुलीचं कॉलेज सुटलं.

[बाईट : ताई]

जुगाराचं व्यसन हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो व्यसनांच्याच गटात येतो. अशा माणसाला शपथा घालून भागत नाही.

[दृश्य : पणजी, मांडवीचा काठ, रात्र. कॅसिनोची जहाजं, धक्क्यावरची रांग]

मांडवीच्या पाण्यावर हे दिवे पहाटेपर्यंत जळतात. 1976च्या गोव्याच्या जुगार कायद्यात 1992मध्ये दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रं आली. 1996मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली आणि जहाजांना वाट मिळाली. आता धक्क्यावरच्या या माणसाकडे लक्ष द्या. तो ओळखपत्र मागतोय. फोटो बघतो, चेहरा बघतो, पत्ता वाचतो. कारण 1 फेब्रुवारी 2020पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला मनाई केली गेली. पुण्याच्या, कोल्हापूरच्या, बेळगावच्या माणसाला आत सोडतात.

दारात माणूस ओळखता येतो आणि नावावरून अडवता येतो, हे गोव्यानं आपल्यासमोर करून दाखवलं आहे. मग ज्याला स्वतःलाच वाटतं की मला अडवा, त्याला का नाही अडवायचं?

[दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर अर्ज]

जगात अशी सोय आहे. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यानं 1996मध्ये राज्यभरासाठी यादी सुरू केली. आपण होऊन नाव द्यायचं. त्यानंतर कॅसिनोत पाऊल ठेवलं, तर तो गुन्हा. स्वीडननं 1 जानेवारी 2019पासून देशभरासाठी एकच नोंदणी केली. एक महिना, तीन महिने, सहा महिने, नाहीतर बेमुदत. एकदा नोंद झाली, की जुगाराचा परवाना असलेल्या प्रत्येक कंपनीला तुमच्यासाठी दार बंद करावं लागतं. त्यात सरकारच्या मालकीची कंपनीसुद्धा आली. ठरवलेली मुदत संपेपर्यंत नाव मागे घेता येत नाही. रात्री दोनला मन फिरलं तरी नाही. या योजनेची सगळी ताकद त्यातच आहे.

सिंगापूरची पद्धत आम्हाला सगळ्यांत जवळची वाटली, कारण तिथे घरच्यांचं ऐकलं जातं. 2010मध्ये तिथे दोन कॅसिनो उघडले. त्याच्या पाच वर्षं आधीच, 2005मध्ये, जुगाराच्या व्यसनासाठी राष्ट्रीय परिषद नेमली गेली होती. तिथे माणूस स्वतः अर्ज करू शकतो. बायको, नवरा, आईवडील, भावंडं, मुलंही अर्ज करू शकतात. मग समिती दोन्ही बाजू ऐकते आणि बंदीचा आदेश काढते. दिवाळखोर ठरलेल्या आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्या माणसांवर तर अर्जाशिवायच बंदी येते. आपल्याकडे कर्जवसुलीसाठी माणसं दारात आली की घरातली बाई पहिल्यांदा ऐकते की किती गेले. तिच्या अर्जाला एक खिडकी असणं ही फार मोठी गोष्ट आहे.

[दृश्य : पुन्हा मोबाइल, मग रिकामा प्लॅटफॉर्म]

ही यादी म्हणजे रामबाण नव्हे. स्वीडनमध्ये नाव बंद केलेली माणसंही विनापरवाना साइटवर जाऊन खेळू शकतात. आणि जिथे नावच विचारत नाहीत, तिथे यादी लागू करणार कशी? स्वीडनमध्येही दुकानात मिळणारं लॉटरीचं खरवडायचं तिकीट या नोंदणीच्या बाहेर राहिलं. आपलं कागदी तिकीट तसंच आहे. स्टॉलवाल्या काकांनी गर्दीतला कोणता चेहरा लक्षात ठेवायचा?

[बाईट : स्टॉलवाले काका]

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की जिथे ओळखपत्र आधीच पाहिलं जातं, तिथून सुरुवात करा. गोव्यात गेमिंग कमिशनर हे पद आहे. त्या कार्यालयानं अर्ज घ्यावेत, मराठीत आणि कोंकणीत. मुदत अर्जदारानं ठरवावी आणि ती संपेपर्यंत कुणालाच मोडता येऊ नये. घरच्यांचा अर्ज आला, तर दोघांनाही बोलावून ऐकून घ्यावं. यादी सगळ्या जहाजांना आणि हॉटेलांना एकाच वेळी जावी, म्हणजे एका दारातून परतलेला माणूस शेजारच्या दारात उभा राहणार नाही. आणि राज्याची लॉटरी ज्या दिवशी फोनवरून, खात्यावरून विकायची ठरेल, त्या दिवशी तिकीट घ्यायच्या बटणाशेजारी नाव बंद करायचं बटणही असावं.

तोवर, ज्यांना आत्ता बोलायचं आहे त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन आहे : 14416. मराठीत बोलता येतं, दिवसरात्र.

[पडद्यावर : 14416]