अरुंद चरात काय भरावे?

श्रोतेहो, नमस्कार. नळासाठी किंवा केबलसाठी रस्त्यात खणलेला अरुंद चर बुजवताना त्यात नेमके काय भरावे, एवढ्याच प्रश्नावर मी आज बोलणार आहे.

आमच्या वडगावच्या गल्लीत एका वैशाखात 1 फूट रुंद आणि कमरेइतका खोल चर खणला गेला. नवे डांबर पडल्यावरच आपल्याकडे नळाची आठवण का होते, हे कोडे मला आजवर सुटलेले नाही. वाहिनी टाकून झाल्यावर खणून काढलेली काळी माती ढेकळांसकट आत ढकलण्यात आली आणि वर वीतभर वरंबा ठेवण्यात आला. मी हटकले, तेव्हा मुकादम शांतपणे म्हणाला, "पाऊस लागला की बसतंय बघा." आषाढात ते खरोखरच बसले, दूधवाल्याच्या मोटारसायकलीचे पुढचे चाक घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी काकांनी परसातली पहार आणली. चरावर उभी धरून नुसती सोडली, तर ती हातभर आत गेली. शेजारी, मूळ रस्त्याच्या खडीवर, ती ठणकन वाजून जागीच थांबली. माती उकरली, तेव्हा ढेकळांमधल्या पोकळ्यांत पाणी साचलेले दिसले. काका म्हणाले, "अरे, पिठाचा डबासुद्धा आपण आपटून भरतो की!"

फूटभर चरात रोलर उतरत नाही, त्यामुळे थोड्या चोपणीत जो माल घट्ट बसतो, तोच तेथे योग्य ठरतो. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, म्हणून ती नकोच. वाहिनीभोवती वाळू आणि तिच्यावर खानापूरकडचा तांबडा मुरूम घालावा. मात्र तो 6 इंचांच्या थरांनी घालून प्रत्येक थर धुमसाने चोपावा. पुन्हा सांगतो, थर 6 इंचांचा, आणि चोपणी प्रत्येक थराला. ओल पारखायची तर मुरूम मुठीत दाबावा. लाडू वळला आणि हात माखला नाही, म्हणजे ओल बेताची आहे.

जेथे धुमसही चालवता येत नाही, तेथे थोडे सिमेंट, राख, वाळू आणि पाणी यांचे पातळ मिश्रण ओततात, जे न चोपता कानाकोपऱ्यांत शिरते. ते फार कणखर नसावे, कारण उद्या गळती निघाली तर तेच पुन्हा खणायचे असते. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 20 किलोंहून कमी ताकद असली, तर यंत्राने ते उकरता येते. ओतण्यापूर्वी मात्र रिकामा पाइप जागोजागी बांधून ठेवावा लागतो, नाहीतर तो त्या मिश्रणात तरंगून वर येतो.