एका प्लेटवरचे सगळे रंग : कृष्णा रेड्डी

(पडद्यावर : ‘व्हर्लपूल’, १९६३. कॅमेरा कडेकडून हळूहळू मध्याकडे.)

चित्राचं नाव सांगतं, हा पाण्यातला भोवरा आहे. नाव झाकून पाहिलंत तर कदाचित आकाशगंगा म्हणाल. रेषा तुटतात, वळतात, मध्याकडे ओढल्या जातात. एक रंग कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, ती हद्द शोधायला जावं तर सापडत नाही. यातले रंग कागदावर एकामागून एक चढवलेलेच नाहीत. धातूची एक प्लेट, प्रेसमधून एक फेरी आणि सगळे रंग एकदम.

हे करणारा माणूस मुळात शिल्पकार होता. त्याच्या छापचित्रांचं, म्हणजे कोरलेल्या प्लेटवरून कागदावर छापलेल्या चित्रांचं, निम्मं गुपित मला तिथंच दिसतं.

कृष्णा रेड्डी यांचा जन्म १९२५ चा, आंध्रातल्या चित्तूरजवळच्या एका खेड्यातला. चाळीसच्या दशकात ते शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. मग मद्रासला ‘कलाक्षेत्र’ या संस्थेत थोडा काळ शिकवलं. १९४९ मध्ये लंडनचं स्लेड स्कूल गाठलं, शिल्पकलेसाठी. तिथे शिकवायला शिल्पकार हेन्री मूर. पुढच्या वर्षी पॅरिस. तिथे ओसिप झाडकिन यांच्याकडे आणि नंतर मिलानमध्ये मारिनो मारिनी यांच्याकडे, पुन्हा शिल्पच. हा सगळा प्रवास माती, दगड आणि धातू हाताळण्याचा. छापखान्याच्या दिशेने जाणारा तो वाटतच नाही.

(पडद्यावर : कार्यशाळा. प्रेसचं चाक, शाईने माखलेले हात.)

पॅरिसमध्ये ‘आतलिए १७’ नावाची एक कार्यशाळा होती. स्टॅनली विल्यम हेटर या इंग्रज चित्रकाराने ती १९२७ मध्ये सुरू केली. पिकासो, मिरो, जाकोमेत्ती यांसारखे कलाकार तिथे काम करून गेले होते. युद्धाच्या काळात हेटर ती घेऊन न्यूयॉर्कला गेले आणि १९५० मध्ये पॅरिसला परतले. रेड्डी नेमके त्याच सुमारास तिथे पोचले. मुंबईहून आलेले चित्रकार कायको मोतीही तिथेच काम करत होते.

सगळ्यांसमोर एक जुनी अडचण होती. रंगीत छापचित्र काढायचं तर प्रत्येक रंगाला सहसा वेगळी प्लेट लागे. एकाच कागदावर त्या एकेक करून छापायच्या. प्लेट केसभर सरकली की चित्र बिघडलं. शिवाय रंग एकमेकांवर बसतात, एकमेकांत उतरत नाहीत.

यावर जी वाट निघाली तिला व्हिस्कॉसिटी प्रिंटिंग म्हणतात; व्हिस्कॉसिटी म्हणजे शाईचा दाटपणा. ती कशी चालते, ते जरा सावकाश पाहू.

(पडद्यावर : प्लेटचा जवळून घेतलेला शॉट. त्यावरचे चढउतार दिसू द्यावेत.)

प्लेट ॲसिडने आणि हत्यारांनी कोरायची, पण नुसत्या रेषा काढायच्या नाहीत. कुठे उथळ, कुठे खोल, कुठे पायऱ्या, असे निरनिराळे थर करायचे. आधी सगळ्यात खोल रेघांत शाई भरायची आणि वरची पुसून घ्यायची. मग दोन शाया तयार करायच्या. एकीत जवसाचं तेल जास्त, म्हणून ती पातळ. दुसरीत तेल कमी, म्हणून घट्ट. पातळ शाई कडक रोलरने फिरवायची. कडक रोलर खाली वाकत नाही, त्यामुळे फक्त उंच भागांना रंग लागतो. त्यानंतर घट्ट शाई मऊ रोलरने. हा रोलर दबतो आणि खालच्या थरांपर्यंत पोचतो. जाताना तो उंच भागांवरूनही जातो. मग तिथला पहिला रंग बिघडत कसा नाही? कारण घट्ट शाई त्या तेलकट थरावर बसतच नाही; अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, तशी. दोन्ही रंग आपापल्या जागी राहतात. वर ओला कागद ठेवायचा आणि प्लेट प्रेसमधून एकदाच काढायची.

म्हणजे कुठे कोणता रंग येणार, हे प्लेटची खोली ठरवते. हे साध्य व्हायला धातूकडे शिल्पकाराच्या नजरेने पाहणारा माणूस लागतो. रेड्डींच्या प्लेटा हाताने चाचपाव्यात अशा आहेत. प्रत्येक प्रतीसाठी शाई पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते, हा त्यातला कष्टाचा भाग. पण त्यातून मोकळीकही मिळते. प्लेट तीच, शाया बदला, चित्राचा स्वभावच बदलतो. त्यांच्या ‘ग्रेट क्लाउन’ या विदूषकाच्या छापचित्राच्या वेगवेगळ्या रंगांतल्या प्रती शेजारी शेजारी लावल्या की हे लगेच कळतं.

शोधाचं श्रेय मात्र पुष्कळदा एकट्या हेटरांच्या नावावर लागतं. रेड्डी आणि मोती यांची नावं आली तर मागून येतात. सगळे एकाच टेबलाभोवती, एकमेकांची प्रूफं, म्हणजे चाचणीच्या प्रती, पाहत काम करत होते. अशा ठिकाणी श्रेयाच्या वाटण्या करणं अवघड असतं, हे मान्य. तरी हे तंत्र रेड्डींइतकं कसून फार थोड्यांनी वापरलं, असं माझं मत आहे.

(पडद्यावर : ‘डेमॉन्स्ट्रेटर्स’, १९६८.)

पाणी, मासा, किडा हे त्यांचे सुरुवातीचे विषय. निसर्गातली वस्तू घ्यायची आणि तिच्यातला जोर तेवढा शिल्लक ठेवायचा. १९६८ साली पॅरिसचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि रेड्डींच्या प्लेटवर माणसं आली. तीही बिनचेहऱ्याची, गर्दीचा रेटा तेवढा उरलेला.

साठच्या दशकात ते ‘आतलिए १७’चे सहसंचालक झाले. त्याच दशकात अलिगढच्या चित्रकार झरीना हाश्मी तिथे शिकायला आल्या. १९७२ मध्ये भारत सरकारने रेड्डींना पद्मश्री दिली. १९७६ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि पुढे अनेक वर्षं न्यूयॉर्क विद्यापीठातला छापचित्रांचा विभाग त्यांनी सांभाळला. मुलीबरोबर पाहिलेल्या सर्कशीतून ‘ग्रेट क्लाउन’ आलं, ते याच शहरात.

२०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने हेटर, रेड्डी आणि झरीना यांचं काम एकाच प्रदर्शनात मांडलं. २२ ऑगस्ट २०१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये रेड्डींचं निधन झालं.

(पडद्यावर : पुन्हा एक छापचित्र, या वेळी कॅमेरा समोरून नाही, बाजूने.)

त्यांचं छापचित्र कुठे प्रत्यक्ष पाहायला मिळालं, तर समोरून पाहून पुढे जाऊ नका. काचेच्या बाजूला सरका आणि उजेड तिरपा पडू द्या. प्लेटचे खोल भाग कागदावर उंच होऊन आलेले दिसतील. छापील पुस्तकात किंवा आमच्या या व्हिडिओत ते सपाटच दिसणार.