बरं करण्याचा परवाना कोणी दिला?

[पडद्यावर: निळा समुद्र, कड्यावरचं पांढरं दीपगृह, मागे हिरव्या टेकड्या.]

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीचं पूर्वेकडचं शेवटचं टोक म्हणजे केप बायरन. इथलं दीपगृह १९०१ सालचं. त्याच्या पायथ्याशी वसलेल्या बायरन बे या गावाला आज जग योगवर्ग, ध्यानशिबिरं आणि महागड्या वेलनेस रिट्रीटसाठी ओळखतं. गावाची जुनी ओळख मात्र वेगळी होती. १९५४ ते १९६२ या काळात इथे देवमाशांच्या शिकारीचं केंद्र चालायचं. कत्तलखाना तर १९८३ पर्यंत सुरू होता. दरम्यान १९७३ मध्ये जवळच्याच निंबिन गावात तरुणांचा मोठा महोत्सव भरला. त्यातले बरेच जण परत गेलेच नाहीत, याच टेकड्यांत राहिले. शहराला कंटाळलेल्यांनी इथे येऊन स्वतःला सावरायचं, ही रीत तेव्हापासून रुजत गेली.

२०२० मध्ये महासाथीने जगभरातलं चित्रीकरण थांबलेलं असताना एका अमेरिकी मालिकेचा ताफा याच परिसरात उतरला. मालिकेचं नाव ‘नाइन परफेक्ट स्ट्रेंजर्स’. लियान मोरियार्टी या ऑस्ट्रेलियन लेखिकेच्या २०१८ मधल्या कादंबरीवर ती बेतलेली आहे. कादंबरी ऑस्ट्रेलियातच घडते. मालिकेत कथा कॅलिफोर्नियात नेली, पण पडद्यावर दिसणारी झाडं, ओढे आणि डोंगरउतार बायरनच्या मागच्या भागातले आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये आठ भागांची ही मालिका अमेरिकेत हुलूवर आली आणि आपल्याकडे प्राइम व्हिडिओवर.

[पडद्यावर: जंगलातून वळणं घेत जाणारा रस्ता. एकामागून एक गाड्या.]

नऊ अनोळखी माणसं दहा दिवसांसाठी ‘ट्रँक्विलम हाउस’ नावाच्या रिट्रीटमध्ये येतात. गुडघ्याच्या दुखापतीनंतर वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेलेला माजी फुटबॉलपटू. ऑनलाइन प्रेमात फसवली गेलेली आणि नवं पुस्तक नाकारलं गेलेली लेखिका. लॉटरी लागल्यापासून एकमेकांना दुरावलेलं तरुण जोडपं. नवरा सोडून गेल्यावर आतल्या आत धुमसणारी बाई. शोध घ्यायला आलेला एक पत्रकार. आणि मार्कोनी कुटुंब: आई, वडील, मुलगी. या सगळ्यांना बोलावणारी, निवडून बोलावणारी, माशा दिमित्रिचेंको. ही भूमिका निकोल किडमनने केली आहे. चित्रीकरणाच्या काळात कॅमेरा बंद असतानाही ती माशाच्याच रशियन वळणाच्या बोलीत बोलायची, आणि इतरांनीही आपल्याशी माशा समजूनच वागावं असा तिचा आग्रह असायचा.

पाहुणे आले की फोन काढून घेतले जातात. रक्त तपासलं जातं. प्रत्येकाच्या हाती रोज त्याच्यासाठी खास बनवलेली स्मूदी येते. चौथ्या भागाच्या सुमारास पाहुण्यांना कळतं की त्या स्मूदीत सायलोसायबिन आहे, म्हणजे भ्रम निर्माण करणाऱ्या अळंबीतला पदार्थ. तो त्यांना न सांगता, न विचारता पाजला गेलाय.

यानंतर जे घडतं ते मला सगळ्यात खटकतं आणि सगळ्यात खरंही वाटतं. पाहुणे संतापतात, ओरडतात, आणि तरी थांबतात. कारण कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांना थोडं हलकं वाटलेलं असतं. दुखण्याने थकलेला माणूस आराम कुठून आला याची चौकशी करत नाही. माशाला हे पक्कं ठाऊक आहे, आणि तिचा सगळा कारभार या एका जाणिवेवर उभा आहे.

[पडद्यावर: जेवणाचं लांब टेबल. तीन माणसं शेजारी बसलेली, तिघांच्या नजरा तीन दिशांना.]

आता मार्कोनी कुटुंब. ही मालिका ज्यांच्यासाठी पाहावी, ते हे तिघं.

नेपोलियन शाळेत शिक्षक आहे. मायकल शॅननने त्याला असा काही उभा केलाय की त्याचा उत्साह बघूनच पोटात कालवतं. तो सतत बोलतो, सतत चांगलं शोधतो, कारण क्षणभर गप्प बसला तर काय वर येईल याची त्याला धास्ती आहे. आई हेदर ताठ आणि तुटक. मुलगी झोई एकवीस वर्षांची होणार आहे. तिच्याबरोबर तिचा जुळा भाऊ झॅकही एकवीसचा झाला असता. त्याने तीन वर्षांपूर्वी आयुष्य संपवलं. दोघांच्या वाढदिवसाचा तो आठवडा घरात काढणं शक्य नाही, म्हणून हे तिघं इथे आलेत.

दुःख तिघांचं एकच आहे, पण प्रत्येकाने त्यातला एक तुकडा दुसऱ्यांपासून लपवलाय. त्या सकाळी गजर वाजल्यावर नेपोलियनने तो बंद केला आणि आणखी काही मिनिटं पडून राहिला. भावाच्या मनात काय चाललंय ते आपल्याला, त्याच्या जुळ्या बहिणीला, कळायला हवं होतं असं झोईला वाटतं. आणि हेदर जे वाहते आहे ते सर्वांत जड: झॅकला दम्याचं औषध सुरू होतं, त्याच्या दुष्परिणामांत मनावर होणारे परिणामही लिहिलेले होते, आणि तिने त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

हा धागा हवेतून काढलेला नाही. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने माँटेलुकास्ट या दम्यावरच्या औषधासाठी आपला सर्वांत कडक इशारा सक्तीचा केला. झोपेतली वाईट स्वप्नं, चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचार अशा परिणामांबद्दलचा हा इशारा. हे औषध आपल्याकडेही घराघरांत आहे. बहुतेकांना त्याचा असा त्रास होत नाही आणि ते स्वतःच्या मनाने बंद करायचंही नाही. पण मूल औषध सुरू झाल्यावर बदलल्यासारखं वाटलं, तर ते डॉक्टरांना सांगायचं.

तिघं जेव्हा आपापला तुकडा एकमेकांपुढे ठेवतात, तेव्हा कुणीच कुणाला ‘तुझी चूक नव्हती’ असं म्हणून गप्प करत नाही. ऐकून घेतात. ज्यांच्या घरातलं माणूस असं गेलंय, त्यांनी हा हिशेब वर्षानुवर्षं मांडलेला असतो: मी त्या दिवशी फोन उचलला असता तर, मी त्याला एकटं सोडलं नसतं तर. आपल्याकडे अशा मृत्यूचं कारण बाहेरच्यांना बहुधा सांगत नाहीत. पुढे घरातही त्यावर बोललं जात नाही. त्या माणसाचा फोटो भिंतीवर असतो आणि नाव ओठांवर येत नाही. मार्कोनी मंडळी अमेरिकेतली असली तरी ही शांतता मराठी घरांना परकी नाही.

[पडद्यावर: प्रयोगशाळा. काचेच्या नळ्या. नंतर डोंगरातलं एक गाव.]

आता स्मूदीतल्या त्या पदार्थाबद्दल. मेक्सिकोच्या ओहाका प्रांतातल्या वाउत्ला दे हिमेनेस या गावात मासातेक लोक पिढ्यान्‌पिढ्या ही अळंबी वापरत आले. आजार काय आहे हे जाणून घेण्यासाठी, रात्रभर चालणाऱ्या विधीत, जाणत्या बाईच्या किंवा पुरुषाच्या देखरेखीखाली. १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन हा न्यू यॉर्कचा बँकर तिथल्या मारिया साबिना या उपचार करणाऱ्या स्त्रीकडे पोहोचला. विधीत प्रवेश मिळावा म्हणून त्याने आपल्या मुलाची काळजी वाटते असं निमित्त पुढे केलं. १९५७ मध्ये ‘लाइफ’ मासिकात त्याचा लेख आला आणि गावात परदेशी लोकांची रीघ लागली. त्यापायी मारिया साबिनाला गावकऱ्यांचा रोष सोसावा लागला, तिचं घर जाळलं गेलं. १९५८ मध्ये अल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमध्ये या अळंबीतून सायलोसायबिन वेगळं काढलं. म्हणजे बाहेरच्या जगाकडे हा पदार्थ आला तोच एका खोट्या निमित्तावर. मला हे विसरता येत नाही.

आज यावर गंभीर संशोधन चालू आहे. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर २३३ रुग्णांची एक चाचणी झाली. २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. २५ मिलिग्रॅमच्या एका मात्रेनंतर तीन आठवड्यांनी नैराश्य कमी झालेलं दिसलं. पण त्याच चाचणीत काही रुग्णांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं हेही नोंदलं गेलं. १ जुलै २०२३ पासून ऑस्ट्रेलियाने अशा नैराश्यासाठी सायलोसायबिन वापरायला मुभा दिली, तीही फक्त अधिकृत परवानगी मिळालेल्या मनोविकारतज्ज्ञांना. ज्या देशात माशाच्या स्मूदीचं चित्रीकरण झालं, त्याच देशात. भारतात हा पदार्थ १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली बंदी असलेल्यांत येतो.

आणि माशा सुरुवातीला देते तशा अगदी छोट्या, रोजच्या मात्रांचं काय? लंडनमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये १९१ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा छोट्या मात्रा घेणाऱ्यांना बरं वाटलं. ज्यांच्या कॅप्सूलमध्ये काहीच नव्हतं, त्यांनाही जवळजवळ तितकंच बरं वाटलं.

मला मालिकेचा खरा दोष दिसतो तो इथे. माशाचा गुन्हा सफल होताना ती दाखवते. प्रेक्षक म्हणून आपण मार्कोनींसाठी रडतो, आणि रडता रडता त्या स्मूदीला माफ करून टाकतो. पण त्यांना हलकं केलं ते एकमेकांपाशी बोलण्याने. ते बोलणं होण्यासाठी कुणाला फसवावं लागत नाही.

[पडद्यावर: ॲरिझोनाचं लाल खडकांचं वाळवंट.]

खऱ्या जगात शेवट असा गोड होत नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतल्या सेडोनाजवळ जेम्स रे या आत्मविकास-गुरूच्या शिबिरात पन्नासहून अधिक माणसं एका बंदिस्त, ताडपत्रीने झाकलेल्या तंबूत बसली. मध्ये तापलेले दगड, त्यांवर पाणी. त्याआधी त्यांनी वाळवंटात उपवास केला होता. शिबिरासाठी जवळजवळ दहा हजार डॉलर भरले होते. लोक कोसळू लागले तरी ‘सहन करा, पलीकडे जा’ हीच शिकवण. तीन माणसं मेली. २०११ मध्ये रे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल दोषी ठरला आणि त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. तंबूचं दार कुणी कुलूप लावून बंद केलं नव्हतं. पैसे भरलेले, सगळे बसलेत, गुरू समोर आहे. एवढं पुरेसं होतं.

फोन जमा करणं, मौन, ठरलेला आहार हे सगळं आपल्या ओळखीचं आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीत सत्यनारायण गोयंका यांनी सुरू केलेली विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं १९७६ पासून चालतात. पहाटे चारला घंटा, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन, फी नाही. अर्जातच मानसिक आजार आहे का, कोणती औषधं चालू आहेत हे विचारलं जातं. नियमावली आधी हातात मिळते, आणि गंभीर मानसिक त्रास असलेल्यांना येऊ नका असं सांगितलं जातं. कुठलंही शिबिर प्रश्नांच्या पलीकडे नसतं, हेही खरं. पण काय होणार आहे ते आधी कळणं, हा फरक मला मूलभूत वाटतो. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने संमतीची व्याख्या केली आहे. जबरदस्ती, दबाव, फसवणूक यांशिवाय दिलेली. धोके, फायदे आणि दुसरे पर्याय सांगितल्यानंतर दिलेली. आणि हे सगळं त्या माणसाला समजेल अशा भाषेत आणि अशा पद्धतीने सांगितलेलं. माशाच्या घरात यातलं काहीच घडत नाही.

[पडद्यावर: काचेची भिंत. आत एक स्त्री. तिच्या चेहऱ्यावर झाडांची सावली.]

माशा खलनायिका आहे का? मला तसं वाटत नाही, आणि म्हणून ती जास्त भीतिदायक आहे. तिची स्वतःची मुलगी गेली आहे. शेवटच्या भागांत ती मार्कोनींना मोठी मात्रा देते, त्यांना झॅक भेटावा म्हणून, आणि स्वतःही घेते, आपली मुलगी भेटावी म्हणून. उपचार करणारीला त्या क्षणी रुग्णांकडून काहीतरी हवं आहे. मान्यताप्राप्त चाचण्यांत रुग्णाजवळ बसणारे थेरपिस्ट स्वतः काही घेत नाहीत, आणि रुग्णाची निवड, तयारी, नंतरचं बोलणं या सगळ्याची नोंद ठेवली जाते. पटकथेत माशाच्या या गरजेची बाजू फार थोडी आली. किडमनचा चेहरा मात्र ती सांगतो: समोरच्याचं सांत्वन करताना तिची नजर त्याच्या मागे, दुसऱ्याच कुणाला तरी शोधत असते.

२०२५ मध्ये दुसरा सीझन आला. माशा तीच, पाहुणे नवे, ठिकाण आल्प्स पर्वतात. पहिल्याची धग त्यात नाही.

पाहणार असाल तर पहिले आठ भाग पाहा, आणि मार्कोनींसाठी पाहा. तुमच्या घरात असं काही घडलं असेल तर एकट्याने पाहू नका. घरातलं किंवा मैत्रीतलं कुणी सोबत असू द्या, आणि मधेच बंद करावंसं वाटलं तर बंद करा. स्वतःबद्दल किंवा दुसऱ्या कुणाबद्दल काळजी वाटत असेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.