जुना अंक संपू द्यायचा नाही

'बोन' या कॉमिकच्या सुरुवातीच्या भागात हिवाळा येतो, तो पायरीपायरीने येत नाही. एका चौकटीत आभाळ स्वच्छ असते आणि पुढच्याच चौकटीत बर्फाचा सगळा ढीग धाडकन खाली कोसळतो. त्यानंतर पानभर जो बर्फ दिसतो, तो चित्रकाराने काढलेला नाही. तो कोरा कागद आहे. शाई फक्त झाडांच्या खोडांवर, पात्रांच्या कडांवर आणि त्यांच्या डोळ्यांच्या ठिपक्यांवर खर्च झालेली आहे. 'खर्च' हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे, कारण हे कॉमिक काढणारा चित्रकार ते स्वतःच्या पैशाने छापतही होता.

हा चित्रकार म्हणजे जेफ स्मिथ. ते अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराच्या परिसरात वाढले. ओहायो स्टेट विद्यापीठात शिकत असताना तेथील 'लँटर्न' या दैनिकात ते 'थॉर्न' नावाची चित्रपट्टी काढत असत, आणि पुढे 'बोन'मध्ये आलेली बरीचशी पात्रे त्या पट्टीतच जन्माला आली होती. १९८६ मध्ये मित्रांबरोबर त्यांनी ॲनिमेशनचा स्टुडिओ सुरू केला. हलत्या चित्रांच्या त्या सरावातून त्यांना वेळेचे भान आले. विनोद चित्रात असतो त्यापेक्षा अधिक दोन चित्रांच्या मधल्या फटीत असतो, हे त्यांच्या पानांवर वारंवार जाणवते. चित्रपट्टी वृत्तपत्रांना पुरवणाऱ्या सिंडिकेटांकडे त्यांनी प्रयत्न करून पाहिले, परंतु त्या व्यवहाराच्या, विशेषतः हक्कांच्या, अटी त्यांना मानवल्या नाहीत.

हक्कांचा प्रश्न अमेरिकी कॉमिक्सच्या मुळापासूनच चिकटलेला आहे. १९३८ मध्ये सुपरमॅनच्या दोघा निर्मात्यांनी त्या पात्राचे हक्क १३० डॉलरला विकून टाकले होते, आणि ही गोष्ट ठाऊक नसलेला व्यंगचित्रकार त्या देशात विरळाच. तेव्हा पात्र आपलेच राहावे असे ज्याला वाटे, त्याच्यासमोर स्वतः छापण्याचा मार्ग शिल्लक राही. १९९१ मध्ये स्मिथ यांनी 'कार्टून बुक्स' या नावाने 'बोन'चा पहिला अंक काढला.

आता थोडे छापखान्यात जाऊ. ऑफसेट छपाईत अनेक पाने एका मोठ्या कागदावर एकत्र छापतात, त्याला फर्मा म्हणतात. सोळा पानांचा एक फर्मा धरला, तर ३२ पानांच्या अंकासाठी दोन फर्मे लागतात. प्रत्येक फर्म्याच्या दोन बाजू, आणि प्रत्येक बाजूला दर रंगासाठी छपाईची एक प्लेट, म्हणजे फक्त काळ्या रंगात छापायचे असेल तर एकूण चार प्लेटा पुरतात. तोच अंक चार रंगांत छापायचा म्हटले की प्लेटा सोळा होतात, शिवाय रंग भरणाऱ्याची मजुरी वेगळी. म्हणून मुखपृष्ठ तेवढे रंगीत आणि आतली पाने काळी-पांढरी. आपल्याकडे दिवाळी अंक काढणाऱ्या संपादकांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र स्मिथ यांनी या काटकसरीलाच शैली बनवले. ते ब्रशने शाई चढवतात. त्यामुळे रेषा कोठे केसासारखी बारीक तर कोठे बोटभर जाड होते. तिन्ही बोन भाऊबंद, म्हणजे फोन बोन, फोनी बोन आणि स्मायली बोन, गुळगुळीत आणि जवळजवळ कोरे आहेत, तर त्यांच्या मागे लागलेले उंदरासारखे केसाळ प्राणी दाट काळ्या फटकाऱ्यांतून उभे राहतात. फोन बोनला नेमके कसे शिजवावे यावर ते प्राणी आपसात भांडत बसतात आणि शिकार निसटते, ही या कथेतली माझी सर्वांत आवडती गंमत आहे.

छापून झालेला अंक दुकानापर्यंत पोहोचवण्याची जी पद्धत तेव्हा रूढ होती, तिचा पाया न्यूयॉर्कच्या फिल स्यूलिंग यांनी १९७०च्या दशकात घातला होता. त्याआधी कॉमिक्स वृत्तपत्रांच्या स्टॉलवर जात आणि न विकलेल्या प्रती प्रकाशकाच्या अंगावर येत. नव्या पद्धतीत कॉमिक्सची खास दुकाने वितरकाच्या सूचीतून दोन-तीन महिने आधी मागणी नोंदवत, त्यांना सूट अधिक मिळे, पण घेतलेला माल परत करता येत नसे. लहान प्रकाशकाला यात मोठा आधार होता, कारण किती प्रती छापायच्या हे छपाईआधीच कळे. तथापि त्या आधारात एक काटाही होता. मागणी इतकी आधी नोंदवायची म्हटल्यावर दुसऱ्या अंकाची, कधी तिसऱ्याचीही मागणी दुकानदाराला पहिला अंक गिऱ्हाइकाच्या हाती पडण्यापूर्वीच ठरवावी लागे. दुकानदार अनोळखी नावाच्या बाबतीत हात आखडता घेत आणि चांगली मालिका वाचकांपर्यंत पोहोचण्याआधीच आकड्यांत मरून जाई.

त्यात कथा सलग असेल तर अडचण दुप्पट होते. बारावा अंक हाती आलेल्या वाचकाला पहिले अकरा हवे असतात. अमेरिकी दुकानदारी मात्र त्या काळात दुर्मीळतेवर पोसली जात होती, म्हणजे जुना अंक संपला की त्याची किंमत चढे आणि लोक तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवत. 'कार्टून बुक्स'ने नेमके उलट केले. जुने अंक संपत आले की ते पुन्हा छापले जात, आणि १९९३ मध्ये पहिल्या सहा अंकांचा एकत्रित खंडही निघाला. संग्राहकाच्या दृष्टीने हे त्याच्या ठेवीवर पाणी पाडणेच होते. वाचकाला मात्र दार सतत उघडे राहिले. माझ्या मते 'बोन'च्या यशाचे श्रेय रेषेइतकेच या निर्णयाला जाते, आणि रेषेवर जितके लिहिले जाते त्याच्या दशांशानेही या निर्णयावर लिहिले जात नाही.

ही वाट त्याआधी कॅनडात मळली गेली होती. ऑन्टारिओ प्रांतातल्या किचनर गावी राहणारे डेव्ह सिम १९७७पासून 'सेरेबस' हे काळे-पांढरे मासिक कॉमिक स्वतःच काढत होते, आणि ३०० अंक पूर्ण करीन असे त्यांनी जाहीर केले होते. १९८६ मध्ये त्यांनी 'सेरेबस'मधील एका दीर्घ कथेचे पाचशेहून अधिक पानांचे जाडजूड पुस्तक काढले आणि वितरकांना बाजूला ठेवून ते टपालाने थेट वाचकांना विकले. वितरक अर्थातच नाराज झाले, परंतु जाड खंडातून सतत पैसा येत राहिला तर पुढचा अंक काढण्याची उसंत मिळते, हे स्वतः छापणाऱ्या सर्वांना दिसून आले. सिम यांच्या पुढच्या काळातल्या मतांविषयी आणि भांडणांविषयी पुष्कळ बोलता येईल. तो विषय येथला नाही. २००४ मध्ये त्यांनी तीनशेवा अंक काढून शब्द पाळला, एवढी नोंद पुरे.

स्मिथ यांच्या बाबतीत हिशेबाची वही दुसऱ्या हाती होती. त्यांच्या पत्नी विजया अय्यर यांनी तंत्रज्ञान क्षेत्रातली आपली नोकरी सोडून 'कार्टून बुक्स'चा कारभार अंगावर घेतला. छापखान्याशी दर ठरवणे, वितरकांकडून येणे वसूल करणे, कोणता अंक किती छापायचा आणि गोदामात किती ठेवायचा हे पाहणे, परदेशी भाषांतरांचे करार करणे, ही कामे कोणाच्या तरी पूर्ण दिवसाची असतात. एकट्याने कॉमिक काढणाऱ्या कलावंताची जी प्रतिमा आपण मनाशी बाळगतो, तिच्यात हे हिशेबाचे टेबल सहसा दिसत नाही. ते दिसले पाहिजे, कारण चित्रकार दिवसभर ब्रश हातात ठेवू शकतो तो या टेबलाच्या जोरावरच.

१९९०च्या दशकाच्या मध्यावर वितरणाची सगळी घडी विस्कटली. मार्व्हल कंपनीने एक वितरक विकत घेऊन आपला माल त्याच्याचकडून पाठवायला सुरुवात केली, बाकीच्या वितरकांत ओढाताण लागली, आणि १९९६ मध्ये डायमंड या वितरकाने कॅपिटल सिटी ही प्रतिस्पर्धी संस्था विकत घेतल्यावर बाजार जवळजवळ एकाच दारातून जाऊ लागला. याच धामधुमीत २१व्या अंकापासून २७व्या अंकापर्यंत 'बोन' इमेज कॉमिक्स या मोठ्या प्रकाशनाच्या छत्राखाली गेले आणि नंतर पुन्हा 'कार्टून बुक्स'कडे परतले. हक्क कधीच हातचे गेले नव्हते, त्यामुळे परतण्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागली नाही.

पंचावन्नावा आणि शेवटचा अंक २००४ मध्ये निघाला. त्याच वर्षी सगळी कथा एकाच पुस्तकात आली आणि ते पुस्तक तेराशेहून अधिक पानांचे, पूर्णपणे काळे-पांढरे होते. पुढच्या वर्षी स्कोलॅस्टिक या बालसाहित्याच्या बलाढ्य प्रकाशनाने 'ग्राफिक्स' हे नवे दालन सुरू केले, तेव्हा त्याची सुरुवात रंगीत 'बोन'ने झाली. रंग स्टीव्ह हमाकर यांनी भरले. शाळांच्या ग्रंथालयांत आज मुले वाचतात ती बहुधा हीच आवृत्ती. ती देखणी आहे, यात शंका नाही. तरीही त्या बर्फाच्या पानावर निळसर छटा पसरलेली पाहिली की मला मूळच्या कोऱ्या कागदाची आठवण येते.

स्मिथ यांनी पुढे आदिमानवाच्या काळातली 'टुकी' ही कथा आधी इंटरनेटवर क्रमशः दिली आणि पुस्तकासाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर वाचकांकडूनच आगाऊ वर्गणी गोळा केली. आधी मागणी, मग छपाई, हा क्रम तोच राहिला. फरक इतकाच की पूर्वी मागणी दुकानदार नोंदवत असे आणि आता ती वाचक नोंदवतो. मात्र पुस्तकांचे गठ्ठे बांधणे, पत्ते तपासणे आणि वजनाप्रमाणे टपालखर्च भरणे ही वितरकाची कामे आता प्रकाशकाच्या टेबलावर येऊन पडली आहेत, आणि जाड पुठ्ठ्याच्या बांधणीतले पुस्तक समुद्रापार पाठवायचे झाले तर टपालखर्च पुस्तकाच्या किमतीच्या जवळ जाऊन पोहोचतो.